‘उत्तेजन’ आणि ‘चिथावणी’ : एका इंग्रजी क्रियापदाच्या निमित्ताने

इंग्रजी शिकविणाऱ्या अध्यापकांस एक प्रश्न केव्हा ना केव्हा विचारला जातोच. पाठात ‘टु एग समबडी ऑन’ असा प्रयोग येतो. कोशात त्याचा अर्थ एखाद्यास अविचाराचे वा धोक्याचे कृत्य करण्यास भरीस घालणे असा दिलेला असतो, आणि वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, की भरीस घालण्याशी अंड्याचा संबंध काय? संबंध काहीच नाही, हे या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर होय. परंतु एवढ्यावर थांबल्यास त्या क्रियापदाची खरी मौज हातची जाते. आणि त्या मौजेबरोबरच आपल्या मराठीतील काही शब्दांकडे नव्याने पाहण्याची संधीही जाते.

प्रस्तुत लेखात ही चर्चा पांढुर्णा व सौसर या भागाच्या अनुषंगाने केली आहे. याला कारण आहे. नागपूरच्या उत्तरेस, संत्र्यांच्या बागांनी भरलेला हा मुलूख भाषेने मराठी आहे; परंतु १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हे तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौसर त्यात समाविष्ट झाले. राज्य तेच, कचेरीची भाषा तीच. घरातील व शेतातील भाषा मात्र वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी. येथील मुलास इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगावयाचा म्हणजे तो दोन भाषांत सांगावा लागतो. आणि दोन्ही भाषांत एकाच संस्कृत शब्दाने काम भागेल असे गृहीत धरणारा अध्यापक या क्रियापदापाशी नेमका अडखळतो. तो का अडखळतो, हे समजण्यासाठी प्रथम मूळ शब्दाकडे वळले पाहिजे.

नवव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेकडील लोक इंग्लंडच्या पूर्व व उत्तर भागांत मोठ्या संख्येने वसले. त्यांची भाषा आणि तेथील जुनी इंग्रजी या बहिणी-बहिणी असल्यामुळे शब्दांची देवघेव सहज झाली. त्या उत्तरेकडील भाषेत ‘एग्या’ असे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ चेतविणे, उठविणे असा; आणि ते बनले होते ‘एग्ग’ म्हणजे शस्त्राची धार या नामापासून. म्हणजे एखाद्यास ‘एग’ करणे म्हणजे त्यास धार लावणे. हाच धारवाचक शब्द जुन्या इंग्रजीतही निराळ्या उच्चाराने होता; आजचा ‘एज’ तो हाच. एकाच शब्दाची दोन रूपे एकाच भाषेत अशी शेजारी शेजारी नांदू लागली. घरचे रूप धारेपुरते राहिले, पाहुणे आलेले रूप माणसास धार लावण्यापुरते राहिले. चौदाव्या शतकात चॉसरने हव्वेने आदमास पापास प्रवृत्त केल्याचा उल्लेख करताना याच क्रियापदापासून झालेले नाम वापरले आहे. तेव्हा या शब्दाला चिकटलेला वाईट वास बराच जुना म्हटला पाहिजे.

आता अंडे. योगायोग असा, की अंड्याचा ‘एग’ हा शब्ददेखील त्याच उत्तरेकडील लोकांकडून इंग्रजीत आला. इंग्रजांचा स्वतःचा अंडेवाचक शब्द निराळा होता आणि पुष्कळ काळ दोन्ही चालू होते. इंग्लंडात मुद्रणकला आणणाऱ्या कॅक्स्टनने १४९० सालच्या आपल्या एका प्रस्तावनेत याविषयी एक गमतीची हकीकत दिली आहे. काही व्यापारी टेम्स नदीवर वाऱ्याची वाट पाहत अडकले. त्यांतील एकाने किनाऱ्यावरील बाईकडे ‘एग’ मागितले, तेव्हा आपणांस फ्रेंच येत नाही असे तिने उत्तर दिले. पुढे दुसऱ्याने जुना शब्द उच्चारताच तिला उमगले. कालांतराने जुना शब्द मागे पडला व पाहुणा घरधनी झाला. तात्पर्य, अंड्याचा ‘एग’ आणि धार लावण्याचा ‘एग’ हे एकाच गलबतातून उतरलेले दोन प्रवासी होत. नाव एक, कुळे वेगळी.

या धारेच्या कुळाचा शोध मागे नेला, तर तो आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचतो. तुलनात्मक भाषाशास्त्राने इंग्रजी ‘एज’, लॅटिनमधील धार व अणी यांचे वाचक शब्द आणि संस्कृत ‘अश्रि’ ही एका मूळाची अपत्ये मानली आहेत. ‘अश्रि’ म्हणजे धार, कड, कोन. चार कडा असलेले ते ‘चतुरश्र’. आणि ‘चतुरश्र’ प्राकृतातून झिजत आला, तो आपला ‘चौरस’. सुताराच्या तोंडी रोज असणारा ‘चौरस’ आणि इंग्रजाचा ‘एग ऑन’ यांचे दूरचे नाते आहे, हे सांगितल्यास विद्यार्थी तो शब्द जन्मभर विसरणार नाही.

परंतु आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचे नाते पुढेच आहे. ‘एग ऑन’चा अर्थ देताना इंग्रजी कोश ज्या शब्दांचा आधार घेतात त्यांत ‘इन्स्टिगेट’ हा एक प्रमुख शब्द आहे. तो लॅटिनमधून आला असून त्याच्या पोटात टोचणे हा अर्थ आहे. त्याच मूळाचे संस्कृत रूप म्हणजे ‘तिज्’ हा धातू, ज्याचा अर्थ तीक्ष्ण होणे वा तीक्ष्ण करणे. ‘तेज’, ‘तीक्ष्ण’, ‘तिग्म’ ही त्याची संतती. आणि ‘उद्’ हा उपसर्ग लागून झालेले ‘उत्तेजन’ हीदेखील. संस्कृत कोशांत ‘उत्तेजन’ या शब्दाखाली चेतविणे, हाकणे हे अर्थ जसे आहेत, तसाच शस्त्रे पाजविणे, त्यांस धार व चकाकी आणणे हाही अर्थ आहे. म्हणजे उत्तरेच्या दर्यावर्दी लोकांनी जी कल्पना धार या शब्दापासून उभी केली, तीच आपल्या पूर्वजांनी ‘तिज्’ धातूपासून उभी केली. आणि ‘इन्स्टिगेट’ व ‘उत्तेजन’ तर धातूनेही एकच आहेत.

येथे खरी अडचण सुरू होते. धातू एक, कल्पना एक; परंतु इंग्रजीत ‘इन्स्टिगेट’ बहुधा दुष्कृत्याच्या संदर्भात येतो, तर मराठीत ‘उत्तेजन’ हा सज्जनांच्या सभेत मानाने बसणारा शब्द आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांतील दोन संस्थांची नावे पाहावीत : वक्तृत्वोत्तेजक सभा आणि ग्रंथोत्तेजक संस्था. वसंत व्याख्यानमाला चालविणारी सभा ती पहिली, आणि १८९४ पासून मराठी ग्रंथरचनेस साहाय्य करीत आलेली संस्था ती दुसरी. आजही शाळेच्या निबंधस्पर्धेत पहिल्या तीन क्रमांकांत न आलेल्या मुलास ‘उत्तेजनार्थ पारितोषिक’ मिळते व ते घेऊन मूल आनंदाने घरी जाते.

हेच नाव पांढुर्ण्याच्या एखाद्या हिंदीभाषक गृहस्थासमोर ठेवून पाहावे. आजच्या रूढ हिंदीत ‘उत्तेजना’ म्हणजे क्षोभ. जमाव ‘उत्तेजित’ होतो तेव्हा पोलीस बोलवावे लागतात. ‘उत्तेजक भाषण’ करणाऱ्यावर खटला होऊ शकतो. अशा वाचकास ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’ हे नाव कसे वाटेल, हे निराळे सांगावयास नको. मराठीतही ‘उत्तेजित होणे’, ‘उत्तेजक द्रव्य’ या प्रयोगांत क्षोभाची छटा आहेच. पण ‘उत्तेजन देणे’ हा प्रयोग मात्र आपण शुद्ध ठेवला आहे. हिंदीत त्या जागी ‘प्रोत्साहन’ आले, आणि उत्तेजनार्थ पारितोषिकाच्या जागी ‘सांत्वना पुरस्कार’ आला. एका भाषेने मागे राहिलेल्या मुलास धार लावली, दुसरीने त्याचे सांत्वन केले. सौसरच्या शाळेत दोन्ही प्रमाणपत्रे एकाच घरात येऊ शकतात. अध्यापकाने ‘एग ऑन’चा अर्थ ‘उत्तेजन देणे’ असा सांगितला, तर मराठी डोक्याने ऐकणारा मुलगा तो शब्द स्तुतीचा समजेल आणि हिंदी डोक्याने ऐकणारा निंदेचा. दोघांनीही वहीत लिहिले एकच.

मग मराठीत योग्य शब्द कोणता? यासाठी आपल्या भाषेचे या विषयातील भांडार एकदा उघडून पाहणे इष्ट आहे. ते मोठे संपन्न असून त्याची विभागणी मनोरंजक आहे.

पहिला वर्ग टोकाचा. डिवचणे, टोचणे, ढोसणे, आर लावणे. यांतील ‘आर’ म्हणजे बैल हाकण्याच्या काठीच्या टोकास बसविलेला अणकुचीदार खिळा. त्या काठीस पुष्कळ ठिकाणी ‘पराणी’ म्हणतात. विदर्भात ‘तुतारी’ हाही शब्द ऐकू येतो. केशवसुतांनी १८९३ साली ‘तुतारी’ ही कविता लिहिली तेव्हा त्यांच्या मनात अर्थात फुंकण्याचे वाद्य होते. परंतु शेतावर वाढलेल्या वैदर्भीय विद्यार्थ्यास त्या शब्दाने क्षणभर बैलाची काठी आठवली तर त्यास हसू नये. समाजास जागे करणे हेच दोन्ही तुताऱ्यांचे काम, असे म्हणून अध्यापकाने पुढे जावे. लॅटिनमध्येही असेच घडले आहे : ‘स्टिम्युलस’ हा आज शरीरविज्ञानापासून अर्थशास्त्रापर्यंत संचार करणारा भारदस्त शब्द मुळात शेतकऱ्याच्या पराणीचे नाव होय.

दुसरा वर्ग अग्नीचा. चेतविणे, पेटविणे, भडकविणे, फुंकर घालणे, आगीत तेल ओतणे. यांत पायऱ्या आहेत. चूल चेतविणारा स्वयंपाक करू इच्छितो. घर पेटविणारा काय इच्छितो हे उघड आहे. म्हणून ‘चेतविणे’ दोन्हीकडे चालते, ‘भडकविणे’ एकाच बाजूस चालते. हिंदीतील ‘उकसाना’ हे क्रियापदही या वर्गाच्या शेजारी बसते, कारण दिव्याची वात पुढे सारण्यासही ते वापरतात. दिव्याची वात सारावी तर उजेड वाढतो, माणसास ‘उकसावे’ तर काळोख वाढण्याचा संभव, क्रियापद तेच.

तिसरा वर्ग मराठीचा खास म्हणावा असा : भरीस घालणे, हरभऱ्याच्या झाडावर चढविणे, फूस लावणे. येथे टोक नाही, आग नाही. येथे गोड बोलणे आहे. हरभऱ्याचे रोप ते केवढे! त्यावर चढणारा पडणार, हे चढविणाऱ्यास ठाऊक असते आणि चढणाऱ्यास ठाऊक नसते. ‘भरीस घालणे’ यातही दुसऱ्याच्या उत्साहात आपल्या शब्दांची भर घालून त्यास त्याच्या शक्तीपलीकडे नेणे ही कल्पना आहे. इंग्रजी ‘एग ऑन’ची छटा या वर्गाने जितकी जवळून दाखविता येते तितकी पहिल्या दोहोंनी येत नाही. आणि या सर्वांच्या वर ‘चिथावणे’ हा शब्द निर्विवाद दोषवाचक म्हणून उभा आहे. चिथावणीस चांगला अर्थ मराठीने कधी दिला नाही.

या भांडाराकडे पाहता एक गोष्ट ध्यानात येते. धार, टोक आणि आग या तिन्ही कल्पना स्वतः निर्दोष आहेत. टोकाचेच पाहा. बैलास पुढे लोटते ती आर, आणि हत्तीस आवरतो तो अंकुश. दोन्ही टोकदार लोखंडे. परंतु मराठीत ‘अंकुश ठेवणे’ म्हणजे आवर घालणे. संस्कृत ‘प्रतोद’ म्हणजे टोचून हाकण्याचे साधन. आज तो शब्द विधिमंडळात पक्षाच्या सभासदांस मतदानासाठी एकत्र ठेवणाऱ्या पदाधिकाऱ्यास लावतात व त्या पदास प्रतिष्ठा आहे. तेव्हा शब्दाचा चांगलेवाईटपणा त्याच्या मुळात सापडत नाही, तो अन्यत्र शोधला पाहिजे. तो कोठे सापडतो, हे पाहण्यासाठी पांढुर्ण्यासारखे दुसरे गाव नाही.

श्रावण अमावास्येस पोळा येतो. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू नसते व त्याच्या अंगास आर लागत नाही. वर्षभर ज्यास हाकले, त्यास त्या दिवशी ओवाळावयाचे, असा तो सण आहे. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, आणि पांढुर्ण्यात गोटमार होते. ‘गोटा’ आणि ‘मार’ हे दोन्ही शब्द आपल्या घरचे असल्यामुळे नावाचा अर्थ सांगावयास नको. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. तिच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. सावरगावकरांनी तो राखावयाचा, पांढुर्णेकरांनी तो आणावयाचा, आणि दोन्ही तीरांवरून एकमेकांवर दगड फेकावयाचे. शेवटी तो झेंडा चंडीमातेच्या देवळात वाहिला जातो. एका गावच्या तरुणाने दुसऱ्या गावच्या मुलीस पळवून नेताना नदीत दोघांवर दगडांचा वर्षाव झाला, अशी या प्रथेची कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, दगड खरे आहेत. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात; वृत्तपत्रांतून येणाऱ्या वृत्तांतांप्रमाणे १९५५ पासून दहाहून अधिक माणसे या खेळात प्राणास मुकली आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले, जमावबंदीचे हुकूम काढले. प्रथा चालूच आहे.

या प्रथेची बाजू घेणारे गावात आहेत व त्यांचे म्हणणे सरसकट उडवून लावणे योग्य नव्हे. हा देवीचा कौल आहे, वैर नव्हे; सायंकाळी दोन्ही गावे पुन्हा एक होतात; जखमेवर देवीचा अंगारा लावून माणूस घरी जातो, असे ते सांगतात. त्यांच्या श्रद्धेचा विचार हा या लेखाचा विषय नाही. आपला विषय क्रियापदाचा आहे. नदीच्या पात्रात जे उतरतात ते थोडे. दोन्ही तीरांवर, छपरांवर, पुलावर जे उभे असतात ते हजारो. ढोल वाजत असतात, देवीचा जयघोष होत असतो, आणि ‘भगाओ, भगाओ’ अशी आरोळी उठत असते. आरोळी हिंदीत आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. परंतु ती देणारे व ऐकणारे बहुतांश मराठी बोलतात. तीरावरील हा मनुष्य पात्रातील मनुष्यास जे करतो, त्यास मराठीत काय म्हणावे? तो स्वतःस विचारील तर म्हणेल, ‘मी उत्तेजन देतो’. दगड लागून पडलेल्या मुलाची आई म्हणेल, ‘चिथावणी दिली’. दोघेही एकाच आरोळीविषयी बोलत आहेत.

दोघांतील कोण खरे, हे ठरविण्याची कसोटी मूळ धातूतच मिळण्यासारखी आहे. ज्यास आपण धार लावतो, त्याचे आपण काय करतो? बुद्धीस धार लावली तर ती ज्याची बुद्धी त्याच्याच कामी येते. विळा पाजविला तर तो पाजविणाऱ्याच्या वा मालकाच्या कामी येतो. विळ्यास त्यातून काही मिळत नाही, त्याची झीज मात्र होते. उत्तेजन हे पहिल्या प्रकारचे, चिथावणी दुसऱ्या प्रकारची. ज्यास प्रवृत्त केले, त्याचेच कार्य सिद्ध होत असेल व फळ त्याच्याच पदरी पडत असेल, तर ते उत्तेजन होय. कार्य दुसऱ्याचे, झीज मात्र त्याची, असे असेल तर ती चिथावणी होय. तीरावरच्या माणसास दगड लागत नाही, एवढ्यावरून त्याचे क्रियापद ठरते.

प्राचीन वाङ्मयातील दोन मातांची उदाहरणे या कसोटीवर घासून पाहण्यासारखी आहेत. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुलेची कथा आहे. कृष्णाची शिष्टाई फसल्यावर कुंतीने ती त्याच्याकरवी आपल्या पुत्रांस ऐकविण्यासाठी सांगितली. सिंधुराजाकडून पराभूत होऊन पडून राहिलेल्या पुत्रास विदुला इतके कठोर बोलते, की ते शब्द एखाद्या शत्रूच्या तोंडी शोभावेत. परंतु शेवटी ती त्यास सांगते, की तुला ठाऊक नसलेला मोठा कोश आपल्याकडे आहे, आणि संकटात पाठ न फिरविणारे मित्रही आहेत. राज्य पुत्राचे, विजयही पुत्राचा. आणि साधने मातेने पुढे केली. व्यासांनी या संवादास तेज वाढविणारा म्हटले आहे. ‘तेज’ म्हणजे पुन्हा तोच ‘तिज्’ धातू.

दुसरी माता उत्तरेकडील. प्राचीन नॉर्स काव्यात गुद्रून नावाची राणी आपल्या मुलीच्या हत्येचा सूड घेण्यास आपल्या पुत्रांस प्रवृत्त करते. त्या काव्याच्या नावातच पाजविणे या क्रियापदापासून झालेला शब्द आहे. ‘गुद्रूनने लावलेली धार’ असा त्याचा भाव सांगता येईल. तीही पुत्रांस चिलखते काढून देते. दुःख तिचेही खरे आहे. परंतु पुत्र परतणार नाहीत हे त्यांस व तिलाही कळून चुकलेले असते. ते जातात, आणि ती एकेका मृताची आठवण काढीत रडत बसते. दोघींचे शब्द सारखेच धारदार. एकीने पुत्रास उभे केले, दुसरीने पुत्रांचे शस्त्र केले.

हा भेद केवळ साहित्यातला नव्हे. कायद्यासही तो करावा लागला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने गुन्हा करण्यास दुसऱ्यास चिथावणाऱ्यास स्वतंत्रपणे जबाबदार धरले, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तत्त्व कायम आहे. हात दुसऱ्याचा असला तरी धार लावणाऱ्याचा दोष पुसला जात नाही, असा त्याचा आशय. या अपराधास मराठीत ‘अपप्रेरणा’ व हिंदीत ‘दुष्प्रेरण’ अशी संज्ञा आहे. दोन्ही भाषांनी ‘प्रेरणा’ हा सोज्ज्वळ शब्द घेतला आणि त्यावर दोषाचा उपसर्ग चढविला, हे फार सूचक आहे. ‘प्रेरणा’ म्हणजे पुढे लोटणे. कोठे लोटले, ते उपसर्गाने सांगितले. ‘उत्तेजन’ या शब्दाबाबत मात्र दोन भाषांनी उपसर्ग न बदलता दोन निरनिराळे निवाडे दिले, म्हणून या सीमेवरच्या अध्यापकाचे काम अवघड झाले आहे.

तेव्हा व्यवहारासाठी काही सूचना करून हा विषय पुरा करू. ‘एग ऑन’चा अर्थ मराठीत ‘भरीस घालणे’ असा द्यावा. कृत्य केवळ वेडेपणाचे असेल तर ‘हरभऱ्याच्या झाडावर चढविणे’ हा वाक्प्रचार जोडावा, आणि कृत्य दुसऱ्यास इजा करणारे असेल तर ‘चिथावणे’ म्हणावे. हिंदीत ‘उकसाना’ सांगावे. ‘इन्स्टिगेट’साठी मराठीत ‘चिथावणी देणे’ हेच ठेवावे. धातू एक आहे म्हणून ‘उत्तेजन’ त्याच्या जागी घालण्याचा मोह टाळावा, कारण व्युत्पत्ती शब्दाचे कूळ सांगते, त्याची आजची वागणूक सांगत नाही. ‘उत्तेजन’ हा शब्द मराठीच्या तासास निःशंकपणे चांगल्या अर्थाने वापरावा. परंतु हिंदीच्या तासास तोच शब्द निराळ्या अर्थाने भेटेल, हे मुलांस आधीच सांगून ठेवावे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलास हा भेद ओझे वाटत नाही. कोणी दाखवून दिला तर त्यास तो खेळ वाटतो.

आणि एक काम कोशाबाहेरचे आहे. पांढुर्ण्याच्या वर्गात हा शब्द शिकविताना उदाहरण दूरचे घेण्याची आवश्यकता नाही. पोळ्याच्या आठवड्यात मुलांस एक वाक्य पुरे करावयास द्यावे : ‘नदीच्या काठावरील लोकांनी पात्रातील तरुणास ...’ कोणी ‘उत्तेजन दिले’ असे लिहील, कोणी ‘चेतविले’, कोणी ‘भरीस घातले’, कोणी ‘चिथावले’. अध्यापकाने कोणतेही उत्तर चूक म्हणू नये. प्रत्येकास एवढेच विचारावे, की दगड कोणास लागला? त्यानंतर ज्या मुलास आपला शब्द बदलावासा वाटेल, त्यास तो बदलू द्यावा. पुढील वर्षी तो मुलगा काठावर उभा असेल, किंवा पात्रात असेल. आपण काय करीत आहोत यास नेमके नाव त्याच्यापाशी असेल, आणि नाव ठाऊक असलेली आरोळी घशातून तितक्या सहज निघत नाही.